‘डी’ दर्जाचं घर घ्यावं की नाही?

पत्र थोडक्यात:

आम्ही दोघं सहा-सात वर्षांपासून इंग्लंडमध्ये आहोत, मुलगी चार वर्षांची आहे. इतकी वर्षं भाड्याने राहिलो, आता स्वतःचं घर घ्यायचंय आणि शोध दोन घरांवर येऊन थांबलाय. एक १९३०च्या दशकातलं सेमी, म्हणजे शेजारच्या घराशी एक भिंत सामाईक असलेलं. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर, मागे बाग. त्याचा ईपीसी, म्हणजे घराच्या ऊर्जा-कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्रावरचा दर्जा (‘ए’ सर्वांत चांगला, ‘जी’ सर्वांत वाईट) ‘डी’, गुण ५८, प्रमाणपत्र २०१७चं. दुसरं गावाबाहेरच्या नव्या वसाहतीतलं न्यू-बिल्ड. दर्जा ‘बी’, गुण ८४. खोल्या लहान, किंमत तीस हजार पौंडांनी जास्त, शिवाय वसाहतीच्या देखभालीचे वर्षाला चारशे पौंड. दोन्हीकडे गॅस बॉयलर आहे. मला पहिलं घर आवडलंय. नवऱ्याचं म्हणणं, ‘सी’च्या खाली बघायचंच नाही. त्याने स्प्रेडशीटमध्ये ‘डी’ची सगळी घरं लाल करून टाकलीत. २०२२च्या हिवाळ्यातली बिलं त्याच्या डोक्यातून जात नाहीत. सासू-सासरे दर वर्षी मे ते सप्टेंबर आमच्याकडे असतात. सासूबाईंना सांधेदुखी आहे, थंडी सोसत नाही. तो मुद्दा निघाला की मी गप्प बसते. एजंट म्हणतो, ईपीसी कोणी वाचत नाही. ‘डी’ घराचा हट्ट धरणं म्हणजे घरच्यांच्या तब्येतीशी खेळणं आहे का?

उत्तर:

शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही, तब्येतीशी खेळणं नाही. तुम्ही दोघं त्या एका अक्षराकडून असं काही वदवून घेताय, जे सांगण्यासाठी ते बनवलेलंच नाही. आणि एजंटचंही ऐकू नका. ईपीसी वाचायलाच हवा, फक्त पहिल्या पानावरच्या रंगीत पट्ट्यांपाशी थांबायचं नाही.

हे प्रमाणपत्र इथे २००७ मध्ये आलं. युरोपीय निर्देशामुळे आलं आणि घर विकताना द्यायच्या माहिती-संचाचा भाग म्हणून आलं. तो संच २०१० मध्ये बंद झाला, प्रमाणपत्र राहिलं. घर बांधलं, विकायला काढलं किंवा भाड्याने द्यायचं ठरवलं की ते लागतं आणि दहा वर्षं चालतं. हेतू एकच: घराची तुलना घराशी व्हावी, त्यात राहणाऱ्या माणसांच्या सवयींशी नाही. म्हणून हिशेबातून खरी माणसं काढून टाकली आणि एक काल्पनिक कुटुंब बसवलं. त्या कुटुंबात माणसं किती, हे घराच्या क्षेत्रफळावरून ठरतं. दिवाणखान्यात २१ अंश धरतात. कामाच्या दिवशी हीटिंग सकाळी दोन तास आणि दुपारनंतर सात तास. स्वयंपाक, फ्रिज, वॉशिंग मशीन हिशेबात नाहीत. गाडीच्या जाहिरातीतल्या मायलेजसारखा हा आकडा आहे: दोन गाड्यांची तुलना करायला उपयोगी, तुमच्या पेट्रोलचा खर्च सांगायला कुचकामी.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. तो मोठा अक्षरी दर्जा ऊर्जेच्या खर्चावर ठरतो आणि तो खर्चही घराच्या आकाराच्या प्रमाणात मोजलेला असतो. त्यामुळे मोठ्या ‘सी’ घराचं बिल छोट्या ‘डी’ फ्लॅटपेक्षा जास्त येऊ शकतं. इथे एका युनिटमागे वीज गॅसच्या साधारण चौपट महाग असल्याने गॅस बॉयलर काढून हीट पंप (बाहेरची उष्णता विजेवर घरात ओढणारं यंत्र) लावला, तरी कधीकधी गुण वाढत नाहीत. प्रदूषण कमी झालेलं असतं, पण ते वेगळ्या आकड्यात दिसतं.

आता तुमचे ५८ गुण. ‘डी’ हा पट्टा ५५ ते ६८ गुणांचा आहे, ‘सी’ ६९ ते ८०. म्हणजे ६८ आणि ६९ गुणांच्या घरांत एका गुणाचा फरक, पण तुमच्या मिस्टरांच्या तक्त्यात एक लाल आणि एक पांढरं. उलट ५५ आणि ६८ ही दोन्ही एकाच रंगाची! या देशातली घरं युरोपातल्या सर्वांत जुन्या घरांत मोडतात. इंग्लंड आणि वेल्सची सरासरी म्हणून प्रमाणपत्रावरच ‘डी’, ६० गुण असं छापलेलं असतं. ‘सी’च्या खालचं सगळं बाद केलं, तर दुसऱ्या महायुद्धाआधीच्या घरांपैकी बरीचशी बाद होतात. शाळेजवळची, बाग असलेली घरं नेमकी त्यातच असतात, हे तुम्ही दोघांनी आतापर्यंत फिरून पाहिलंच असेल.

मिस्टरांची भीती मात्र खोटी नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वसाधारण घरासाठी वीज आणि गॅस मिळून नियामकाने घातलेली वर्षाची दरमर्यादा १,२७७ पौंड होती. वर्षभराने सरकारने हमी देऊन दर रोखले, तरी तोच आकडा २,५०० वर गेला. ज्याने ती बिलं भरली, त्याला ‘डी’ दिसल्यावर धडकी भरणारच. पण मग त्या भीतीला नेमका आकडा द्या. प्रमाणपत्रात खाली ‘घर गरम ठेवायला वर्षाला अंदाजे लागणारी ऊर्जा’ किलोवॅट-तासांत दिलेली असते. तुम्ही दोन्ही घरांचे आकडे पत्रात उतरवून पाठवलेत, हे फार चांगलं केलंत: जुन्या घराचा ११,४००, नव्याचा २,९००. पौंडांचे आकडे बघू नका. ते प्रमाणपत्र काढलं त्या वेळच्या दरांनी लिहिलेले असतात, त्यामुळे २०१७चे पौंड आणि आजचे पौंड शेजारी ठेवून काही कळत नाही. किलोवॅट-तास शिळे होत नाहीत.

फरक ८,५००चा. बॉयलरची कार्यक्षमता नव्वद टक्के धरली, तर साधारण ९,४०० युनिट (म्हणजे किलोवॅट-तास) जास्तीचा गॅस. युनिटला सहा पेन्स धरले तर वर्षाला ५६५ पौंडांच्या आसपास. २०२२सारखे दहा पेन्स धरले तर ९४०. ही झाली तुमच्या भीतीची किंमत, आणि ती लहान नाही. आता दुसरी बाजू. जास्तीच्या तीस हजारांवर साडेचार टक्क्यांनी पहिल्या वर्षी नुसतं व्याज १,३५० पौंड, त्यात देखभालीचे चारशे. म्हणजे दर पुन्हा २०२२सारखे भडकले, तरी बिलाच्या बाबतीत नवं घर पैसे वाचवत नाही. अर्थात जुन्या घराला छप्पर, गटारं, खिडक्या अशी दुखणी निघतात आणि नव्या घराला पहिली दोन वर्षं बिल्डरची जबाबदारी, पुढे बहुधा दहा वर्षांपर्यंतची वॉरंटी असते. तो हिशेब वेगळा मांडा. पण तो ईपीसीचा हिशेब नाही. तेव्हा मिस्टरांना एवढंच सुचवा, की रंग काढून त्या जागी किलोवॅट-तासांचा रकाना करा. स्प्रेडशीट करणाऱ्या माणसाला रकाना दिला की तो भांडत नाही, भरत बसतो.

हे सगळे आकडे काल्पनिक कुटुंबाचे, हे मात्र लक्षात ठेवा. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०२३ मध्ये १,३७४ गॅसवरच्या घरांची खरी मीटर-नोंद त्यांच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहिली. ‘सी’ घरांत खरा वापर प्रमाणपत्रातल्या आकड्यापेक्षा सरासरी आठ टक्क्यांनी कमी निघाला, ‘एफ’ आणि ‘जी’ घरांत तब्बल अठ्ठेचाळीस टक्क्यांनी. दर्जा जितका खालचा, तितका कागद जास्त घाबरवतो. गळक्या घरात राहणारी माणसं सगळ्या खोल्या गरम करतच नाहीत, हे एक कारण असू शकतं, पण सगळं घर गरम ठेवणाऱ्यांतही ही तफावत उरलीच. दुसरीकडे, तुमचे मिस्टर आठवड्यातून काही दिवस घरून काम करत असतील, तर हीटिंग नऊ तासांत थांबणार नाही. तेव्हा तुमच्या सध्याच्या घराचं जानेवारीतलं स्मार्ट मीटर उघडून बघा. तुम्ही प्रत्यक्षात किती तास, किती अंशांवर हीटिंग लावता? त्या उत्तराइतकं खरं दुसरं काही नाही.

आता २०१७च्या कागदातल्या दोन ओळी, ज्या तुम्ही ‘समजलं नाही’ म्हणून पाठवल्यात. ‘भिंती: कॅव्हिटी वॉल, बांधली तशीच, इन्सुलेशन नाही’, आणि शेवटी कंसात ‘गृहीत’. कॅव्हिटी वॉल म्हणजे मधे पोकळी असलेली दुहेरी भिंत, ती पोकळी उष्णता अडवणाऱ्या भरणीने, म्हणजे इन्सुलेशनने, भरता येते. सगळी गंमत त्या कंसात आहे. मूल्यांकन करणारा माणूस भिंतीला भोक पाडत नाही, फरशी उचलत नाही. जिथे दिसत नाही आणि कागद नाही, तिथे तो घर कोणत्या काळात बांधलं ते बघतो आणि त्या काळची सर्वसाधारण बांधणी गृहीत धरतो. विक्रेता तुम्हाला सांगतोय की आधीच्या मालकाने भिंती भरून घेतल्या होत्या, फक्त कागद सापडत नाही. कागद नाही म्हणून गुण नाहीत. तो खोटं बोलतोय असंही नाही आणि खरं बोलतोय असंही धरून चालू नका. पुढच्या भेटीत बाहेरून भिंत नीट बघा. कॅव्हिटी भरताना विटांमधल्या सांध्यांत साधारण मीटर-मीटर अंतरावर बोटाएवढी भोकं पाडतात आणि नंतर मसाल्याने बुजवतात. बुजवलेले ते ठिपके ओळीने दिसले, तर भिंत बहुधा भरलेली आहे. आणि दिसले, की आतून त्याच भिंतीवर ओल शोधा, कारण पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीत वाईट पद्धतीने भरलेलं इन्सुलेशन हेही एक दुखणंच असतं.

दुसरी ओळ, ‘लॉफ्ट इन्सुलेशन ७५ मिलिमीटर’. लॉफ्ट म्हणजे छपराखालचा माळा. आजची शिफारस २७० मिलिमीटरची आहे. जुन्या घरातल्या सगळ्या कामांत हे सर्वांत स्वस्त आणि सोपं काम. बॉयलर २०२१ मध्ये बदलला, तेही २०१७च्या कागदात नाही. म्हणजे तुम्ही दोघं भांडताय ते आज उभ्या नसलेल्या एका घरावरून. विक्रेत्याला नवं प्रमाणपत्र काढायला सांगा, साधारण साठ ते सव्वाशे पौंडांत होतं. तो तयार नसेल, तर त्याच्या परवानगीने तुम्ही पैसे द्या. गुण वाढतीलच असं मी सांगत नाही. जून २०२५ पासून मोजणीची पद्धत बदलली आहे, खिडक्या आता एकेक मोजतात, आणि काही घरांचे गुण त्यात खालीही येतात. पण निदान भांडण आजच्या घरावरून होईल.

एक युक्ती जी मला स्वतःला फार आवडते: सरकारची प्रमाणपत्रांची नोंदवही सगळ्यांना खुली आणि फुकट आहे. पोस्टकोड टाकला की त्या गल्लीतली सगळी घरं येतात. १९३०च्या दशकातल्या गल्ल्या बहुधा एकाच बिल्डरने एका दमात बांधलेल्या, त्यामुळे शेजारची घरं जवळजवळ जुळी. त्यातलं एखादं ‘सी’ झालं असेल, तर उघडून वाचा, त्यांनी काय केलं. सगळी गल्ली ‘डी’ आणि ‘ई’वर अडकलेली दिसली, तर तेही काही सांगतंच.

नव्या घराचा ‘बी’ही तितक्याच बारकाईने वाचा. घर अजून पूर्ण बांधून झालं नसेल, तर तुम्हाला दाखवलेला दर्जा नकाशावरून काढलेला अंदाज असतो. खरं प्रमाणपत्र बांधकाम संपल्यावर मिळतं. वसाहतीत आधी राहायला आलेल्या एखाद्या घराची बेल दाबा आणि विचारा: हिवाळ्याचं बिल किती येतं? आणि जुलैत वरच्या खोलीत झोपवतं का? दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. हवाबंद, मोठ्या काचांची आणि खिडक्या पुरेशा न उघडणारी घरं उन्हाळ्यात तापतात, हे इतकं वाढलं की २०२२ पासून इंग्लंडमध्ये नव्या घरांसाठी त्याविरुद्ध स्वतंत्र नियमच करावा लागला. ईपीसीच्या अक्षरात मात्र उन्हाळ्याच्या उकाड्याचे गुण नसतात.

आणि इथे मला तुमच्या सासूबाईंकडे वळायचं आहे. त्या येतात मे ते सप्टेंबर. तुमच्याच पत्रात लिहिलंय! ज्या थंडीच्या नावाने तुम्ही गप्प बसता, त्या थंडीत त्या इथे नसतात. त्यांच्यासाठी घर निवडायचंच असेल, तर प्रश्न असे असतील: जिना किती उभा आहे? खाली शौचालय आहे का? पश्चिमेकडची खोली दुपारी किती तापते? दिवसभर तुम्ही कामावर असताना त्या चालत कुठे जाऊ शकतील, बागेत बसू शकतील का? मला शंका आहे की हे कोणी त्यांना विचारलंच नाही. फोनवर दोन्ही घरांचे फोटो दाखवा आणि विचारा. सासूबाईंच्या सांध्यांना तुमच्या दोघांच्या वादात पंच करण्यापेक्षा त्यांचं मत घेणं बरं.

उद्या त्या हिवाळ्यातही राहिल्या, तरी उत्तर अक्षरात नाही, खोलीत आहे. इथल्या आरोग्ययंत्रणेचा सल्ला घर किमान १८ अंशांवर ठेवण्याचा आहे आणि सेमीतली एक खोली त्याहून वर ठेवणं अवघड नाही. त्या काळच्या घरांत पुढच्या खोलीची जमीन बहुधा लाकडी फळ्यांची, खाली पोकळी असलेली असते. गार वारा फळ्यांच्या फटींतून आणि स्कर्टिंगखालून (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखालून) येतो, तिथे भरणी करा. बाहेरच्या भिंतीत खाली जाळीच्या विटा दिसतील. त्या मात्र कधीही बुजवू नका, त्या बंद केल्या की लाकूड कुजतं. आणि फटी बंद केल्यावर वाफ बाहेर काढायची सवय लावा. आपल्या स्वयंपाकाची वाफ, कुकरची शिट्टी, रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे, हे सगळं शेवटी कोपऱ्यातली काळी बुरशी होऊन दिसतं, घराचा दर्जा कुठलाही असो.

पुढे विकताना अडेल का, हीही तुमची शंका. काही बँका ‘ए’ आणि ‘बी’ घरांना मॉर्गेजमध्ये थोडी सवलत देतात, ती विचारून हिशेबात धरा. स्वतः राहायच्या घराला किमान दर्जाची सक्ती नाही. सक्ती भाड्याच्या घरांना आहे: नव्या भाडेकरारांना २०१८ पासून आणि चालू करारांना २०२० पासून किमान ‘ई’. भाड्याच्या घरांना ती ‘सी’पर्यंत नेण्याची सरकारची दिशा आहे. त्यामुळे चार-पाच वर्षांनी हे घर ठेवून भारतात परतायचं आणि ते भाड्याने द्यायचं, असा बेत मनात असेल, तर मात्र ‘सी’चा आग्रह शहाणपणाचा ठरतो. तो बेत आहे का, हे पत्रात नाही. दोघांनी एकमेकांना विचारा. कदाचित मिस्टरांच्या मनात तेच असेल आणि बोलणं थंडीवर अडकलं असेल.

ज्यांना भाड्यानेच राहायचंय अशा वाचकांसाठी थोडं वेगळं. तुम्ही भिंत भरू शकत नाही, त्यामुळे तुमच्यासाठी ईपीसी जास्त महत्त्वाचा, कमी नाही. घर बघायला जाण्याआधीच नोंदवहीत बघा. हीटिंग गॅसचं की साध्या विजेच्या हीटरचं, हे अक्षराआधी वाचा, बिलात सगळ्यात मोठा फरक तिथे पडतो. ‘एफ’ किंवा ‘जी’ घर नियमातून सूट मिळाल्याची नोंद केल्याशिवाय भाड्याने देता येत नाही, तसं दिसलं तर स्थानिक कौन्सिलकडे तक्रार करता येते. आणि एखाद्या योजनेतून सुधारणेचा खर्च भागत असेल, तर भाडेकरू लेखी परवानगी मागू शकतो आणि सबळ कारणाशिवाय मालकाला ती नाकारता येत नाही.

तर माझं मत: मी तुमच्या जागी असते, तर सेमीकडे झुकले असते, पण भिंतीचं उत्तर मिळाल्यावरच. ऑफर देताना लॉफ्ट आणि भिंतीचं काम दाखवून किंमत खाली मागा, ‘डी’ दर्जा तिथे तुमच्या बाजूने बोलतो. ऑफर मान्य झाली की सर्व्हेयरला (घराची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला) तीन गोष्टी स्पष्ट विचारा: भिंत भरलेली आहे का, ओल आहे का, लाकडी जमिनीखाली हवा खेळते का. भिंत रिकामी निघाली, तरी ती भरता येते. इन्सुलेशन बसवून घेतलं तर त्यावर मार्च २०२७ पर्यंत व्हॅट नाही. ओल निघाली तर मात्र थांबा आणि कारण कळेपर्यंत सही करू नका. हीट पंपासाठी ७,५०० पौंडांचं अनुदान आहे, पण २०२१चा बॉयलर चालतोय तोवर घाई नको, आधी घर आवळून घ्या. आणि लॉफ्टचं काम सामान हलवण्याआधीच उरका. एकदा वर सुटकेसा चढल्या, की पुढची दहा वर्षं तिकडे कोणी फिरकत नाही.